पाटीची तांबडी बाजू

सेतुराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी कचेरीत दुसऱ्याच कुणाच्या निधनाची बातमी लिहीत होतो. ती पुरी केली आणि जॉर्ज टाउनला निघालो...

तंजावरच्या मराठी घरातले सेतुराव तरुणपणी मालवाहू जहाजावर कारकून होते. दक्षिण अमेरिकेच्या बंदरांत स्पॅनिश शिकले आणि मद्रासला परतून दुभाष्याचे काम करू लागले. स्पॅनिश बोलणाऱ्यांचे जहाज बंदराला लागले की एजंटाचा शिपाई सायकलवरून त्यांच्या गल्लीत येई. जिना चढत नसे. वर सज्जातली पाटी बघे आणि हिरवी बाजू दिसली तर घंटी वाजवी. हिरव्यावर ‘दिस्पोनिब्ले’ लिहिले होते, मागच्या तांबड्यावर ‘ओकुपादो’, म्हणजे कामात आहे. शिपायाला रंग पुरत. अक्षरे सेतुरावांसाठी होती.

“हिरव्यावर मोकळा आहे, एवढंच ना?” मी एकदा विचारले.

“नाही हो, पुणेकर. सवड असलेला तो ‘लिब्रे’. कामाला तयार तो ‘दिस्पोनिब्ले’. काम नसलेला ‘देसोकुपादो’. तो शब्द आपल्या घरात नको.”

“सुम्मा रिकामं बसायचं, त्याला तीन नावं!” आतून लक्ष्मीवहिनी म्हणाल्या. “तयार आहात ना? मग तांदूळ निवडा.”

त्यांनी निवडले, नजर गल्लीवर ठेवून.

रेल्वेतली कायमची नोकरी चालून आली, ती त्यांनी नाकारली. दिवसभर पाटी तांबडी राहिली तर शिपाई दुसऱ्याकडे जाईल, म्हणाले. थोरला भाऊ आजारी पडला तेव्हाही तंजावरला गेले नाहीत. पुढे जहाजांवरचे अधिकारी इंग्रजी बोलू लागले... शिपाई येईनासा झाला. पाटी हिरवीच राहिली.

शेवटचे भेटलो तेही सज्जातच. खाली सायकलची घंटी वाजली. ते धडपडत कठड्याशी गेले. दूधवाला होता.

“तिसरा शब्द आठवतो, पुणेकर?” परत बसताना त्यांनी विचारले.

“आठवतो.”

“पाटीवर तोच लिहायला हवा होता.”

आणि ते पुन्हा गल्लीकडे बघू लागले.

काल पुन्हा त्या घरी गेलो. पाटी उलटलेली होती. हिरवा रंग उन्हाने कधीच उडाला होता. हा तांबडा मात्र नुकताच दिल्यासारखा. तिरडी उचलल्यावर वहिनींनीच पाटी फिरवली, असे शेजारी म्हणाले.

“काढून ठेवू का?” मी विचारले.

“वेणाम. नको,” वहिनी म्हणाल्या. “शिपाई आलाच, तर उगा घंटी वाजवत राहील.”