बंद लिफ्टमधलं विणकाम

लकडगंजमधल्या मावशीच्या इमारतीत मी लिफ्टमध्ये शिरले, तेव्हा सोबत एक वयस्कर गृहस्थ होते. हातात कापडी पिशवी. दुसरा मजला गेला, वीज गेली आणि लिफ्ट मध्येच थांबली. मला लहानपणापासून बंद जागेची भीती. मी दार बडवू लागले, श्वास पुरेना.

त्यांनी शांतपणे वॉचमनला फोन केला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि चक्क खाली बसून पिशवीतून अर्धवट विणलेला गुलाबी स्वेटर काढला.

"नेव्हीत होतो बेटा, पाणबुडीत. तिथं वॉचमन बी नव्हता," ते म्हणाले आणि लोकरीचा गुंडा माझ्या हातात दिला. "हा धर. हळूहळू सोडत जा."

निवृत्तीनंतर ते बायकोकडून विणायला शिकले होते. "पहिले मोजे विणले, ते तिले बी बसले नाही अन् मले बी नाही. शेवटी टीव्हीच्या रिमोटले घातले."

मी हसले. हसताना कळलं, श्वास नीट चालला होता.

वीसेक मिनिटांनी वीज आली आणि तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. त्यांना सातव्यावर जायचं होतं, तरी तेही बाहेर पडून जिन्याकडे वळले.

"काका, लिफ्ट सुरू झाली ना?"

"झाली. पण मले बी लय भेव वाटून राहिलं होतं. तुले सांगितलं नाही, एवढंच."

मावशी चौथ्यावर राहते. त्या दिवशी मी त्यांच्यासोबत सातव्यापर्यंत चढले.