इस्त्रीवाल्याचा दिनविशेष

सोलापुरात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवणारे एक गृहस्थ रोज सकाळी दाराशी टांगलेल्या फळ्यावर दिनविशेष लिहितात. कुठल्याशा देशाचं स्वातंत्र्य, कुणीतरी सर केलेलं शिखर आणि शेवटी हटकून गल्लीतली एखादी घटना: ‘आजच्या दिवशी आपल्या बोळात पहिला नळ आला.’ तिन्ही ओळींचं अक्षर सारख्याच आकाराचं.

मला चुकीचा आकडा बघवत नाही. साल चुकलं की मी स्कूटर थांबवून दुरुस्त करायला लावतो. ते फडक्याने पुसत म्हणतात, “लई बारीक नजर हाय मालक तुमची.” सगळं बरोबर असलं, तर मी वाचून पुढे जातो.

परवा संध्याकाळी कामावरून परतताना तिसरी ओळ दिसली: ‘आजच्या दिवशी निळ्या स्कूटरवाल्या मालकांचं लग्न झालं.’ पुढे साल होतं, एका वर्षाने चुकलेलं.

मी तावातावाने उतरलो. “साल चुकलंय तुमचं!”

“आन् तारीख?”

तारीख बरोबर होती. सकाळी निघताना बायकोशी मी फक्त गॅसच्या सिलिंडरबद्दल बोललो होतो.

“वहिनी काल लग्नातली साडी इस्त्रीला देऊन गेल्या की,” ते म्हणाले.

“मग तिने साल नाही सांगितलं?”

“सांगितलं की. पर बरोबर लिवलं असतं तर तुमी थांबला असता व्हय?” त्यांनी फडकं उचललं. “जावा, गजरेवाली अजून बसलीया. साल मी दुरुस्त करतो.”