स्वयंपाकघरातलं मतदान

मास्तरणीची शिकवायची खोड काही देश बदलला म्हणून जात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना मी चार निवडणुकांची ड्यूटी केली. पेट्या वाहिल्या, बोटांना शाई लावली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे कुणी डोकावलं तर त्याच्यावर खेकसले. त्याचा मला कोण अभिमान! नवऱ्याच्या नोकरीपायी ड्रेस्डेनला येऊन बारा वर्षं झाली, आणि खरं सांगते, त्या अभिमानाचा आता कंटाळा आलाय.

वरच्या मजल्यावर युक्रेनची एक बाई राहते. तिचं गाव परक्या सैन्याच्या ताब्यात, आणि म्हातारी आई तिथेच अडकलेली. आईला रोज इन्सुलिन लागतं. मध्यंतरी त्या सैन्याने गावात निवडणूक जाहीर केली. पेटी घेऊन घरोघर यायचे म्हणे. मत दिलं नाही तर औषधाच्या यादीतून नाव जाणार, अशी कुजबुज होती. आई मत द्यायला तयार नव्हती आणि इथे लेकीच्या जिवाला घोर. जिन्यात भेटली तेव्हा तिने हे सगळं मला सांगितलं, आमच्या दोघींच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये.

मी कशाला गप्प बसते? म्हटलं, सोप्पंय. सगळ्या नावांपुढे खुणा करायच्या, मत बाद. घडी घालून पेटीत टाकलं की कुणाला कळतंय? मत गुप्त असतं. आडोसाच नसेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तिने बिचारीने ते फोनवर आईला सांगितलं.

आठवड्याने ती खाली आली आणि दारातच उभी राहिली. पेटी आईच्या घरी येऊन गेली होती, चक्क पारदर्शक. मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, आणि बंदूकवाला सैनिक आईच्या खुर्चीमागे. आई त्याला म्हणाली, "जरा तिकडे बघ. मत गुप्त असतं." हे कुणी शिकवलं, असं त्याने विचारलं. कुणी नाही, म्हणाली. मग त्याने जिथे बोट ठेवलं तिथे तिने मुकाट्याने खूण केली. इन्सुलिन मिळालं. जमलं नाही गं, म्हणून आईने रडत लेकीची माफी मागितली. आणि लेक आता माझी मागत होती, तुमचं सांगणं वाया गेलं म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हातारीला काही झालं असतं, तर?

त्यानंतर मी इथली नागरिक झाले. ब्रीफवालचं, म्हणजे टपालाने मत द्यायचं, पहिलं पाकीट परवा घरी आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावरच मतपत्रिका उलगडली. समोर हे मेथी निवडत बसले होते.

"अहो, जरा तिकडे बघा," मी म्हटलं.

काही न विचारता त्यांनी मान वळवली. मला इतकं रडू आलं की पेन खाली ठेवावं लागलं.