दोन्ही बाजूंचा कापूस

ट्रॅक्टरचं काळं ऑइल काढताना मी आजही तोंड फिरवतो. "बाबाले ऑइलचं भेव!" म्हणून पोरं हसतात.

वीस वर्षांपूर्वी तलमडुगू गावच्या वावरात धाकटी बहीण शांता फक्त समोरची बोंडं वेचायची. "आळशे, बाजूचा कापूस काऊन सोडून राह्यली?" स्वतःला मुकादम समजणारा मी ओरडलो, कापसाची वाळकी पऱ्हाटी उपटली आणि तिला बाजूनं झोडपलं. गाल फाटून रक्त आलं, तरी तिनं हात आडवा केला नाही.

पुढं शांताच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. पिट्युटरी ग्रंथीजवळच्या गाठीतलं पाणी डॉक्टरांनी दाखवलं, अगदी इंजिन ऑइल, त्यात चमचमणारे कोलेस्टेरॉलचे कण. पेशी कॅन्सरच्या नव्हत्या; पण गाठीनं तिची दोन्ही बाजूंची नजर खाल्ली होती.

"दादा, पऱ्हाटी येताना दिसलीच नाई," शांता म्हणाली, "नाईतर हिसकून तुलेच हाणली असती."