तीन टिचक्या

आमच्या धुळ्याच्या गल्लीतला तो रंगारी गावोगावच्या पाण्याच्या टाक्या रंगवायचा. चढण्याआधी शिडीला तीन टिचक्या मारायचा. सोनगीरला ठेकेदाराने मला टाकीवर व्हिडिओ शूटिंगला बोलावलं, तेव्हा बाकीचे रंगारी भांग पाडून, इस्त्रीचे शर्ट घालून आले. याने माझ्या कमरेला दोर बांधला, दोनदा ओढून पाहिला आणि स्वतःचं तोंड रुमालात गुंडाळलं.

“मन्हं तोंड शूटिंगमा लेऊ नको, भाऊ. मायले वाटस, मी खाले रंग कालवस.”

पुढे मी गल्लीला कॅसेट दाखवली, तेव्हा त्याची म्हातारीही आली. टाकीच्या कडेला लोंबकळणारा माणूस बघून तिने शेजारी बसलेल्या लेकालाच विचारलं, “हाऊ कोना पोऱ्या शे रे? त्यानी मायले माहीत शे का?”

खुर्चीला तीन टिचक्या मारून तो म्हणाला, “नही, माय.”