मायच्या अंगावर आलेला खांब

डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उन्हाळा सरला, तरी माझ्या मायचं एकच पालुपद. "ह्या डोळ्यानं काई दिसंना." डोळा ठणठणीत आहे, असं डॉक्टर सांगायचे. "मग डॉक्टरनंच बघावं त्यातून," ती म्हणायची. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधीच झालं होतं, त्याच्यावर तिचं भागायचं. पण पायरीचा अंदाज येत नाही म्हणून तिनं ओट्याखाली उतरणंच सोडलं. डोळा खरंच गेला असंल तर, या भीतीनं मला झोप लागंना. आणि भीती वाटली की मी चिडते.

तेवढ्यात परभणीत नरसिंहाचा थ्रीडी कार्टून सिनेमा लागला. पोखर्णीचा नरसिंह म्हणजे आमचं कुलदैवत. "देव काय कार्टूनात बघायचा व्हय?" म्हणणारी माय ठेवणीतली साडी नेसून, नारळ घेऊन तयार. थिएटरच्या दारात तिनं चपला काढल्या. तिचं बघून मागच्या बायांनीही काढल्या. मी कपाळाला हात लावला.

चष्मे वाटणाऱ्या माणसाला मी हळूच विचारलं, एका डोळ्यानं दिसतं का? "दिसतं, पण सपाट. अंगावर येत न्हाई. त्याला दोन्ही डोळे लागतात." झालं. मग मी पडद्यापेक्षा मायकडंच जास्त बघत होते.

माय ढिम्म. खांबाला तडा गेला तसा तिनं चष्मा काढला आणि हात जोडले. घरीसुद्धा देवापुढं ती चष्मा काढूनच उभी राहते. पडदा तिला दुहेरी, पुसट दिसायला लागला. "बघ, म्हणत न्हवते का, गेला डोळा." तिचा आवाज रडवेला झाला.

"माय, आजच्या दिवस चष्म्यातूनच बघ त्याला," मी खेकसले आणि चष्मा तिच्या नाकावर बसवला.

खांब फुटला. दगड उडाले आणि माझी माय पदर डोक्यावर घेऊन थेट माझ्या मांडीवर आदळली. "अगं बाई, डोकंच फुटलं असतं की."

मी हसत होते की रडत होते, मलाच कळंना. लय आनंद झाला मला, अख्ख्या थिएटरला सांगावंसं वाटलं. ती सावरून बसली आणि देवाच्या पायाला लावायला तिनं हात हवेत पुढं केला.

बाहेर पडताना पायऱ्या आल्या. सवयीनं मी हात धरायला गेले. तिनं तो झटकला, एकटी खाली उतरली, ढिगातून आपल्या चपला हुडकल्या आणि पायात सरकवल्या.

"पोखर्णीची गाडी कुठं लागती बघ," ती म्हणाली. "नारळ फोडायचा राहिलाय."