पेहीला घेऊन मसुऱ्याला

शेवटचा सामना झाला आणि मी गुवाहाटीतली माझी खोली आवरायला घेतली. पेही दारात उभी होती. म्हटलं, "पेही, जाताना तुला काय देऊ?" ती म्हणाली, "समुद्र दाखव. आणि तुझी आई."

पेही म्हणजे आसामीत आत्या. तसं आमचं नातं काहीच नाही. मी मालवणजवळच्या मसुऱ्याचा, भातकापणीनंतरच्या मळ्यात टेनिस बॉलवर शिकलेला डावखुरा फिरकी गोलंदाज. इकडच्या संघांत नाव लागेना, तेव्हा विशीत आसाममधून खेळायचं बोलावणं आलं. पेहीच्या घरी भाड्यानं खोली मिळाली आणि चाळिशीला टेकेपर्यंत मी तिथेच राहिलो. टीव्हीवर कधी दिसलो नाही. पण खेळून पोट भरलं, बहिणीचं शिक्षण झालं, मसुऱ्याच्या घरावर स्लॅब पडला. क्रिकेटनं मला जे दिलं, ते गुवाहाटीच्या त्या घरात राहून मिळालं.

धास्ती होती ती आईची. फोनवर पेहीचा विषय निघाला की आई विषय बदलायची. एकदा एवढंच म्हणाली होती, "झील माझो, आणि वाडता दुसरीच." मुलगा माझा, आणि जेवायला वाढते दुसरीच.

खेळ सोडून मी पुण्याला आलो, तिथे बायकोची नोकरी होती. डिसेंबरात पेही विमानानं आमच्याकडे आली. बायकोला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघंच पहाटे गाडीनं निघालो. कोल्हापूर, राधानगरी, मग फोंडा घाट उतरून कणकवली. (ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: राधानगरीनंतर चहाच्या टपऱ्या विरळ होतात, आधीच खाऊन घ्या. घाटात सकाळी धुकं असतं.) कसालला वळून कट्टा गावच्या बाजारात थांबलो. पेहीनं उकड्या तांदळाच्या पोत्यात हात घातला, दाणे तळहातावर घेऊन पाहिले आणि दुकानदाराला हिंदीत म्हणाली, "हमारे जैसा ही है." त्याला फार आनंद झाला.

कट्ट्याहून मसुऱ्याला वळायचं सोडून मी सरळ मालवणला गेलो. चिवल्याच्या किनाऱ्यावर एका घरगुती निवासात खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. जेवणासकट परवडतात, मासे ताजे असतात. खरं कारण वेगळं होतं. आईसमोर उभं राहायला मला आणखी एक दिवस हवा होता.

संध्याकाळी पेही मेखला, म्हणजे तिकडची दोन तुकड्यांची साडी, सावरत पाण्याच्या कडेला उभी राहिली. तिचं आयुष्य ब्रह्मपुत्रेच्या काठी गेलेलं. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "पल्याड कोण राहतं?"

"पल्याड काही दिसत नाही, पेही."

"कुणीतरी राहतच असेल," ती म्हणाली आणि पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला.

तेवढ्यात आईचा फोन. "खंय आसस?"

"मालवणात. उद्या येतो."

"पावण्यांका घेवन पयलो घराक येवचा सोडून हाटेलात ऱ्हवलंस?" तिनं फोन ठेवून दिला. त्या रात्रीची सुरमई उत्तम होती म्हणतात. मला चव कळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मसुऱ्याला पोचलो. आई खळ्यात उभी होती, नवं लुगडं नेसून. पेहीनं पिशवीतून लाल काठाचा गामोसा, तिकडचा मानाचा पंचा, काढून तिच्या खांद्यावर घातला. आईनं तो काढला नाही. मग पेहीनं थेकेराच्या वाळवलेल्या फोडी पुढे केल्या. तिकडे माशाच्या आंबट कालवणात घालतात. आईनं एक फोड हुंगली, जिभेवर ठेवली.

"गो बाय, हीं तर सोलांच!" आमसुलांना आमच्याकडे सोलं म्हणतात.

बांगडे आणलेलेच होते. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि एका चुलीवर दोन कालवणं झाली. एक आमचं नारळाचं, एक तिचं पातळ, राईच्या तेलातलं. मी उंबऱ्यावर बसून दुभाष्याचं काम करत होतो.

जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "तिका इचार, पयल्या वर्साक हो रडलो काय?"

"आई, मी रडलो का, असलं काय विचारतेस?"

"तू इचार."

विचारलं. पेही हसली. "रोज. बाथरूमचा नळ सोडून ठेवायचा. एवढी आंघोळ कोण करतं?"

"काय म्हणता ती?" आईनं विचारलं.

"म्हणते, कधी कधी."

"सगळा सांग," आई म्हणाली.

सगळं सांगितलं. आईनं पदरानं तोंड पुसलं.

"आता तिका सांग. त्याच वर्साक मी तुका परत बोलवतलंय म्हणान फोन लावलेलंय. खेळ पुरे म्हणान सांगूचा होता. तू बोलत होतंस, आणि मागसून ही बाय तुझ्यार वरडत होती. शब्द एक कळाक नाय. पण जेवणावरसून वरडतत ता खंयच्याय भाशेत कळता. म्हटलंय, ऱ्हवांदे थंय."

मला हे आजवर माहीत नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या खेळाचा निर्णय निवड समितीनं नाही, फोन कानाला लावलेल्या आईनं घेतला होता. सगळं मी हिंदीत सांगितलं. पेहीनं ऐकलं, उठली आणि आईच्या शेजारी पाटावर जाऊन बसली. आईनं तिचा हात हातात घेतला.

तिसऱ्या दिवशी तिघं आचरा, देवगड करत विजयदुर्गाला गेलो. रस्ता वळणांचा आहे, घाई करू नका. किल्ल्यावर ऊन लागतं, टोपी न्या. दोघी एकमेकींच्या आधारानं चढल्या. मी मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन.

पेही परत गेली. मी पुण्यात मुलांना गोलंदाजी शिकवतोय. आभार कुणाचे आणि कसे मानायचे, हा प्रश्न मी गाडीत बसवून सिंधुदुर्गात नेला होता. तिथे मी फक्त दुभाष्या होतो. मानायचे ते आभार त्या दोघींनी परस्पर मानले.

परवा आईला फोन लावला तर लागेना. अर्ध्या तासानं लागला.

"कुणाशी बोलत होतीस एवढं?"

"गुवाहाटीक."

"अगं, पण कुठल्या भाषेत?"

"तुका काय करूचा आसा?" आई म्हणाली. "तू जेवलंस काय?"